मालवणच्या धक्क्यावर जलरंग की तैलरंग?

धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ला पश्चिमेला दिसतो. म्हणजे सकाळी ऊन तटावर समोरून पडतं, संध्याकाळी तोच तट काळपट होऊन मागचं पाणी पेटतं. माझ्या मते माध्यम या वेळेवरूनच ठरवावं.

सकाळसाठी जलरंग. इथे उजेड म्हणजे कोरा कागद. होडीच्या काठावरची चमक आधीच राखून ठेवावी लागते, एकदा रंग गेला की ती तशी परत मिळत नाही. तीनशे जीएसएमचा (चौरस मीटरला तीनशे ग्रॅम) जाड कागद घ्या, पातळ कागद ओला झाला की पापडासारखा वाकतो. जांभ्याच्या भिंतीला बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी, सावलीत थोडा अल्ट्रामरीन हा गडद निळा. काळा रंग घरीच ठेवा. कागदावर थेट ऊन नको, डोळे दिपतात आणि रंग हमखास गडद लागतो. दमट दिवशी वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा थर, वाळता वाळत नाही, ही खरी कटकट.

तैलरंग संध्याकाळचे. पाण्यावरचा सोनेरी पट्टा गडद रंगावर जाड थरात शेवटी ठेवता येतो, चुकला तर सुरीने खरवडून काढायचा. १८४१ मध्ये पत्र्याच्या ट्यूबचं पेटंट निघालं आणि हे रंग बाहेर नेणं सोपं झालं, पण ओझं आजही आहेच: ईझल (चित्र ठेवायची घोडी), रंग पातळ करायचं टर्पेंटाइन, चिंध्या. वाऱ्याने उडालेली वाळू ओल्या रंगात रुतते. चित्र वाळायला दिवस लागतात. ते घेऊन गर्दीच्या एसटीत चढून दाखवा!

दोन दिवसांचीच सहल असेल तर मी जलरंगच उचलेन.