दाढ दुखतेय: फोटो पाठवावा की थेट दवाखाना?

सोयाबीन कापणीत मजुरी बुडवून वर्धेला जावं, की आशाताईंच्या मोबाईलवरून डॉक्टरांना फोटो पाठवावा, असं शेजारच्या काकू विचारत होत्या.

खर्चात फोनच बरा. ई-संजीवनी या सरकारी सेवेवर डॉक्टरांचा सल्ला मोफत मिळतो, एसटीचं भाडं आणि रोजी दोन्ही वाचतात.

निदानात मात्र दवाखाना फार पुढे. दाढ ठोकून पाहणं, एक्स-रे काढणं फोनवर होत नाही. गाल बोटाने ओढून, टॉर्च धरून फोटो काढला तरी दोन दाढांमधली कीड दिसेलच असं नाही. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन ज्याचं तोंड दोन बोटंही उघडत नाही, त्याचा फोटो निघणार कसा? आणि आधी तपासायला हवा तो नेमका हाच माणूस!

दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांना आधी फोटो आला की सूज असलेल्याला रांगेत पुढे घेता येतं. रेंज गेली की तीच माहिती वहीत आणि पुन्हा मोबाईलवर, असं दुप्पट काम.

हिरड्यांतून थोडं रक्त, दाताला थंड झोंबणं, दाढ काढल्यावरची विचारपूस, एवढ्यासाठी फोन पुरे. गालावर सूज आणि ताप, गिळायला त्रास, किंवा तोंडात दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल तर कापणी सोडून थेट दवाखान्यात जा.