शिकागो की टोरांटो? आकडे जवळपास सारखे, दाटी मात्र निराळी

दोन्ही शहरं गोड्या पाण्याच्या महाकाय सरोवरांच्या काठावरची. शिकागो मिशिगन सरोवरावर, टोरांटो ओंटारिओवर. 2021 च्या जनगणनेत टोरांटोची लोकसंख्या 27,94,356 होती आणि क्षेत्रफळ 631 चौरस किलोमीटर, म्हणजे दर चौरस किलोमीटरला साधारण 4,430 माणसं. शिकागोत 2020 साली 27,46,388 माणसं सुमारे 590 चौरस किलोमीटरमध्ये राहत होती, म्हणजे दर चौरस किलोमीटरला 4,650 च्या आसपास. 2011 च्या मुंबईचा आकडा 20,000 च्या वर होता. त्यापुढे ही दोन्ही शहरं आपल्याला मोकळीच वाटतील.

नोकरी दोन्हीकडे मिळू शकते आणि घरात निर्णय होत नाहीये, अशांनी या सरासरीवर विसंबू नये. माणसं नेमकी कुठे दाटीने राहतात आणि ती दाटी कशी वसली, यावर तुमचा रोजचा दिवस ठरतो. तिथे ही दोन शहरं एकमेकांपासून फार लांब आहेत.

शिकागोपासून सुरुवात करू. 1950 साली शिकागोत 36.2 लाख लोक होते. तेव्हापासून शहराने जवळजवळ पावणेनऊ लाख माणसं गमावली, पण ती सगळीकडून सारखी गेली नाहीत. दक्षिणेकडच्या एंगलवुडमध्ये 1960 ला 97,000 च्या वर वस्ती होती, 2020 ला उरली 24,000 च्या आसपास. कृष्णवर्णीय वस्त्यांना बँकांनी घरकर्जं नाकारली, गोरी कुटुंबं उपनगरांत निघून गेली, कारखाने बंद पडले, महामार्गांनी मोहल्ले चिरले. आजही तिथल्या रस्त्यांवर दोन घरांमध्ये मोकळे प्लॉट दिसतात. उत्तरेला सरोवरालगतच्या एजवॉटरमध्ये मात्र दर चौरस किलोमीटरला 12,000 च्या वर माणसं राहतात आणि डाउनटाउनला लागून असलेल्या निअर नॉर्थ साइडमध्ये 15,000 च्या जवळपास. शहराची सरासरी या दोन टोकांमधून निघते, आणि त्या सरासरीसारखा मोहल्ला शोधूनही सहज सापडत नाही.

उत्तरेकडची ही दाटी मला उत्तर अमेरिकेतली सर्वात राहण्याजोगी वाटते. सरोवराचा काठ आणि डाउनटाउनचा शेजार सोडला तर ती बहुतांशी उंच मनोऱ्यांची नाही. एकावर एक दोन किंवा तीन बिऱ्हाडांची विटांची घरं, मधल्या अंगणाभोवती तीन बाजूंनी उभ्या चार मजली इमारती, कोपऱ्यावर दुकान. घरांच्या मागून गल्ली जाते. कचऱ्याची गाडी, गॅरेज, विजेचे खांब सगळं त्या गल्लीत, त्यामुळे पुढचा रस्ता झाडांना आणि चालणाऱ्यांना मोकळा. लिंकन स्क्वेअर, लेकव्ह्यू, लोगन स्क्वेअर, रॉजर्स पार्क या भागांत किराणा, दवाखाना, वाचनालय आणि 'एल'चं, म्हणजे शहरातल्या मेट्रोचं, स्टेशन चालत गाठता येतं. रेड आणि ब्लू या दोन लाइन्स रात्रभर धावतात, ही सोय टोरांटोच्या मेट्रोत नाही. भारतीय दुकानांची डेव्हॉन अ‍ॅव्हेन्यू शहराच्या हद्दीतच आहे आणि 155 नंबरच्या बसने तिथे पोचता येतं.

आणि किनारा! वास्तुकार डॅनिएल बर्नहॅमच्या 1909 च्या शहर-आराखड्याने सरोवराचा काठ लोकांचा राहावा असा आग्रह धरला आणि शहराने तो बऱ्याच अंशी पाळला. जवळपास 29 किलोमीटरची चालण्या-सायकलची वाट, तिच्या कडेने बागा आणि पुळणी, तिकीट नाही की फाटक नाही. मध्ये लेक शोअर ड्राइव्हचा वेगवान रस्ता आडवा येतो खरा, पण त्याखालून भुयारी वाटा आहेत. या बाबतीत टोरांटो सरळ सरळ मागे पडतं. तिथे गार्डिनर एक्सप्रेसवे आणि रेल्वेचे रूळ शहराला पाण्यापासून तोडतात. टोरांटोची खरी हिरवळ आहे ती शहरभर पसरलेल्या झाडीभरल्या घळींमध्ये आणि फेरीने जायच्या बेटांवर. सुंदर आहे, पण ती तुम्हाला शोधत जावी लागते. इमारतींच्या देखणेपणातही मी शिकागोलाच कौल देईन.

मग टोरांटोचं बलस्थान कशात?

आजचं टोरांटो 1998 साली सहा पालिका एकत्र करून झालं. जुनं टोरांटो, यॉर्क, ईस्ट यॉर्क, नॉर्थ यॉर्क, इटोबिको आणि स्कारबरो. त्यामुळे शहराच्या हद्दीतच खूप उपनगर सामावलं आहे. डाउनटाउनला काचेच्या काँडोंचं, म्हणजे मालकीच्या फ्लॅटच्या इमारतींचं, रान, त्याला लागून स्वतंत्र घरांचे शांत पट्टे जिथे अनेक दशकं दुसरं काही बांधायला परवानगीच नव्हती (2023 मध्ये महापालिकेने चार बिऱ्हाडांच्या इमारतींना शहरभर मुभा दिली), आणि मग एकदम डाउनटाउनपासून दूर, थॉर्नक्लिफ पार्क किंवा जेन-फिंचसारख्या ठिकाणी, साठ-सत्तरच्या दशकांतले उंच टॉवर. दिसायला ही वाढ ओबडधोबड आहे. पण याच टॉवरांमुळे उपनगरातही बसला पुरेसे प्रवासी मिळतात, म्हणून बस वरचेवर येते आणि ती मेट्रो स्टेशनच्या आत नेऊन सोडते.

हा मुद्दा मराठी कुटुंबांसाठी सर्वात महत्त्वाचा आहे, कारण मुलं झाली की बहुतेक जण शहराच्या हद्दीबाहेर जातात. शिकागोकडे नेपरव्हिल, शॉमबर्ग, अरोरा. टोरांटोकडे मिसिसागा, ब्रॅम्प्टन, मिल्टन. म्हणून महानगराचा सगळा बांधलेला पट्टा धरून घनता पाहावी. टोरांटोच्या पट्ट्यात दर चौरस किलोमीटरला साधारण 3,000 माणसं आहेत, शिकागोच्या पट्ट्यात साधारण 1,400. दोन देशांच्या मोजायच्या रीती वेगळ्या आहेत, तरी दुपटीचा फरक तेवढ्याने पुसला जात नाही. एकीकडे 2005 च्या ग्रीनबेल्ट कायद्याने टोरांटोभोवतीच्या शेतजमिनीवर बांधकामाला वेसण घातली. दुसरीकडे शिकागोभोवती शेकडो स्वतंत्र गावं आहेत, प्रत्येकाचे नियम वेगळे, प्लॉट मोठे आणि मक्याच्या शेतांपर्यंत पसरायला जागा.

आई-बाबा भारतातून येऊन राहतात तेव्हा या आकड्याचा अर्थ कळतो. ज्यांना तिकडे गाडी चालवायची नाही, त्यांना नेपरव्हिलच्या बऱ्याच वसाहतींमध्ये मुलगा-सून कामावर गेल्यावर दिवसभर घरातच बसावं लागतं. स्कारबरोत किंवा मिसिसागाच्या मध्यभागी तेच आई-बाबा बसने मंदिरात, वाचनालयात, भाजीला जाऊ शकतात आणि बसमध्ये शेजारी गुजराती किंवा तमिळ बोलणारं कुणी भेटतं. 2021 मध्ये टोरांटो शहरातले सुमारे 47 टक्के रहिवासी स्थलांतरित होते, शिकागोत हे प्रमाण साधारण पाचवा हिस्सा आहे. शिवाय कॅनडाच्या सुपर व्हिसावर आई-वडील एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहू शकतात (खासगी आरोग्यविमा काढावा लागतो), अमेरिकेत पर्यटक म्हणून आलेल्यांना सहसा सहा महिनेच मिळतात. मराठी माणसांचा गोतावळा मात्र दोन्हीकडे जुना आणि भक्कम आहे. उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांची शिखर संस्था असलेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापनाच 1981 साली शिकागोत झाली.

पैशाचं गणित शिकागोच्या बाजूने झुकतं, विशेषतः शहरात राहणार असाल तर. बृहत् टोरांटोत घराची सरासरी किंमत दहा लाख कॅनेडियन डॉलरच्या आसपास घुटमळते. शिकागोत चांगल्या मोहल्ल्यातला दोन बेडरूमचा फ्लॅट त्याहून बऱ्याच कमी पैशांत मिळतो. पण घरपट्टी विसरू नका. शिकागोत ती वर्षाला घराच्या किमतीच्या दोन टक्क्यांच्या आसपास जाते, टोरांटोत एक टक्क्याहूनही कमी आहे. शिकागोच्या इलिनॉय राज्यात शाळांचा पैसा मोठ्या प्रमाणात याच करातून येतो, म्हणून चांगल्या शाळेचं गाव म्हणजे महाग गाव. टोरांटोच्या ओंटारिओ प्रांतात शाळांच्या निधीची सूत्रं प्रांत सरकारच्या हाती आहेत, त्यामुळे एका वस्तीतून दुसरीकडे गेल्यावर शाळेत इतकी तफावत जाणवत नाही.

सुरक्षिततेत टोरांटो निःसंशय पुढे. 2024 मध्ये शिकागोत 550 हून अधिक खून झाले, टोरांटोत 100 पेक्षा कमी. शिकागोतली हिंसा ठरावीक वस्त्यांमध्ये एकवटलेली आहे आणि एजवॉटरमध्ये राहणाऱ्याला ती रोज जाणवणार नाही. पण त्या वस्त्यांतही माणसंच राहतात, आणि शहर निवडताना हेही मनात असावं असं मला वाटतं.

टोरांटोच्या वाहतुकीचं कौतुक केलं, तिचं दुखणंही सांगायला हवं. स्कारबरोची तीन नंबरची लाइन 2023 च्या जुलैत डबा घसरल्यावर कायमची बंद झाली आणि तिथले प्रवासी बसवर आले. एग्लिंटन लाइनचं काम 2011 ला सुरू होऊन वर्षानुवर्षं रखडलं. 401 महामार्गावर रोज गाडीने जावं लागणार असेल तर नोकरीचं ठिकाण आणि घर एकाच बाजूला घ्या.

थंडीवरून निवड करू नका, जानेवारी दोन्हीकडे सारखाच बोचरा असतो.

माझा कौल असा. दोघंच असाल किंवा मूल लहान असेल, शहरातच राहायचं असेल आणि गाडीवाचून जगण्याची हौस असेल, तर शिकागोची उत्तर बाजू घ्या. त्या पैशात तसं शहरी जगणं टोरांटोत मिळत नाही. बजेट किंवा शाळा तुम्हाला उपनगरात नेणार हे आधीच दिसत असेल, किंवा आई-वडील लांबच्या मुक्कामाला येणार असतील, तर टोरांटो घ्या.

घर भाड्याने घेताना शिकागोत आधी 'एल'चं स्टेशन किती मिनिटं चालत आहे ते पाहा. दहाच्या आत असेल तर गाडी लांबणीवर टाकता येते. टोरांटोत दर दहा मिनिटांनी येणाऱ्या बसच्या मार्गावर घर शोधा. भाडेवाढीवर इलिनॉयमध्ये कायद्याने मर्यादा नाही. ओंटारिओत आहे, पण ती 15 नोव्हेंबर 2018 नंतर पहिल्यांदा राहायला दिलेल्या घरांना लागू होत नाही. तेव्हा चकाचक नव्या काँडोवर सही करण्याआधी, त्यात पहिलं बिऱ्हाड कधी आलं हे घरमालकाला विचारून घ्या.