लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स: डीफॉल्ट कोणतं ठेवावं?

पुण्यात आर्किटेक्चर किंवा इंजिनिअरिंग शिकणाऱ्या मुलांच्या लॅपटॉपमध्ये हल्ली बरेचदा दोन ग्राफिक्स, म्हणजे पडद्यावरचं चित्र तयार करणाऱ्या दोन चिप, असतात. एक प्रोसेसरमधलंच, इंटेल किंवा एएमडीचं, आणि दुसरं एनव्हिडियाचं वेगळं कार्ड. माझं मत पक्कं आहे: डीफॉल्ट प्रोसेसरमधलंच असू द्या आणि कार्ड मोजक्या प्रोग्रॅमना नेमून द्या.

सगळंच कार्डावर टाकायचं असेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये 'मॅनेज थ्रीडी सेटिंग्ज'मध्ये एकदा निवडलं की काम झालं. सोपं आहे, पण महागात पडतं. साध्यासुध्या कामालाही कार्ड जागं राहतं, पंखा घरघरतो, बॅटरी भराभर उतरते. पेठेतल्या अभ्यासिकेत जवळ प्लग मिळेलच असं नाही, आणि गुरुवारी लाइट गेली की घरीही तीच गत.

त्यापेक्षा विंडोजचा मार्ग बरा. 2018 च्या एप्रिल अपडेटपासून सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे प्रत्येक प्रोग्रॅमसाठी वेगळी निवड करता येते. स्केचअप किंवा ऑटोकॅड यादीत जोडा, 'हाय परफॉर्मन्स' निवडा आणि प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडा. 'लेट विंडोज डिसाइड' हा शेवटी अंदाज असतो. कामाच्या प्रोग्रॅमसाठी त्यावर विसंबू नका. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल आणि विंडोज यांचं जुळलं नाही तर विंडोजचं चालतं. पॅनेलमध्ये बदल करूनही फरक पडत नसेल, तर आधी इथे बघा.

खात्री करायची असेल तर टास्क मॅनेजरमध्ये कॉलमच्या नावावर राइट क्लिक करून 'जीपीयू इंजिन' चालू करा (जीपीयू म्हणजे ग्राफिक्सची चिप). प्रोग्रॅमसमोर 'जीपीयू 0' किंवा 'जीपीयू 1' दिसेल. मोठा आकडा म्हणजे ताकदवान कार्ड असं मुळीच नाही. कोणता आकडा कुणाचा, ते परफॉर्मन्स टॅबमध्ये नावासकट असतं.

ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्रॅमचं मात्र वेगळं. पडद्यावरचं मॉडेल विंडोजच्या निवडीप्रमाणे चालतं, पण सायकल्स या त्याच्या इंजिनाने मॉडेलचं अंतिम चित्र बनवायचं, म्हणजे रेंडर, ते कशावर करायचं ते ब्लेंडरच्याच प्रेफरन्सेसमध्ये, सिस्टीमखाली ठरवावं लागतं.

तिसरा पर्याय मक्स स्विचचा, तोही लॅपटॉपमध्ये असेल तर. एरवी कार्डाने काढलेलं चित्र प्रोसेसरच्या ग्राफिक्समधून पडद्यावर जातं आणि थोडा वेग वाया जातो. मक्समुळे पडदा थेट कार्डाला जोडला जातो. लॅपटॉप कायम चार्जरवर असेल आणि गेम हेच मुख्य काम असेल, तर हाच घ्या.

विंडोजऐवजी उबंटू लिनक्स असेल तर आयकॉनवर राइट क्लिक करून तो प्रोग्रॅम कार्डावर उघडता येतो. लॅपटॉपऐवजी डेस्कटॉप संगणक असेल तर आधी मॉनिटरची केबल मदरबोर्डऐवजी कार्डाच्या पोर्टला लावली आहे ना, ते बघा.