अँका व्हॅस्क्युलायटिस: रिटुक्सिमॅब घ्यायचं की सायक्लोफॉस्फामाइड?

कोऱ्या चहासारखी लघवी, आठवड्यागणिक चढणारं क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात साठणारा टाकाऊ पदार्थ), बायोप्सीत क्रिसेंट (किडनीच्या गाळण्यांत चंद्रकोरीसारख्या साचलेल्या पेशी, म्हणजे जोरदार इजा) आणि रक्तात अँका ही अँटिबॉडी पॉझिटिव्ह. म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच बारीक रक्तवाहिन्यांवर उलटलेली. एवढं जुळलं की नेफ्रॉलॉजिस्ट सहसा ही दोन नावं पुढे ठेवतात. विचार करा, पण आठवडे घालवू नका. किडनी तोवर थांबत नाही.

सायक्लोफॉस्फामाइड जुनं आणि स्वस्त. सलाइनमधून आधी दर दोन, मग दर तीन आठवड्यांनी देतात. पांढऱ्या पेशी घसरतात, म्हणून प्रत्येक डोसआधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी. मूत्राशय जपायला भरपूर पाणी प्यायला सांगतात. लघवीच कमी झालेल्या माणसाला ते कसं पाजायचं, हा रोजचाच पेच. खरी भीती मात्र वंध्यत्वाची. एकूण डोस आणि बाईचं वय वाढेल तसा धोका वाढतो. पुरुषांनी पहिल्या डोसआधीच वीर्य गोठवून ठेवण्याबद्दल विचारावं.

रिटुक्सिमॅब बी पेशी, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींचा स्रोत, संपवतं. आठवड्याला एक असे चार डोस, किंवा पंधरवड्याच्या अंतराने एकेक ग्रॅमचे दोन. पहिली बाटली मुद्दाम सावकाश सोडतात, कारण थंडी-ताप येऊ शकतो. त्याआधी हिपॅटायटिस बी तपासायलाच हवा. दबलेला विषाणू उसळतो.

या दोन औषधांची तुलना करणाऱ्या 2010च्या रेव्ह चाचणीत 197 रुग्ण होते. सहा महिन्यांनी, दोन्ही औषधांसोबत दिलं जाणारं स्टेरॉइड सुटून आजार शांत राहिला तो रिटुक्सिमॅबवर 64 टक्क्यांत, सायक्लोफॉस्फामाइडवर 53 टक्क्यांत. आजार एकदा शांत होऊन पुन्हा उलटलेल्यांत फरक मोठा: 67 विरुद्ध 42 टक्के. मात्र क्रिएटिनिन 4 मि.ग्रॅ./डेसिलिटरच्या वर असलेले त्यात घेतलेच नव्हते, आणि हे सांगायचं बरेचदा राहून जातं.

म्हणून मुलं, पुढे मूल हवं असलेले तरुण आणि आजार उलटलेले यांच्यासाठी माझा कौल रिटुक्सिमॅबला. अमेरिकेत 2019पासून दोन वर्षांवरच्या मुलांसाठीही त्याला मान्यता आहे. क्रिएटिनिन 4च्या पुढे असेल तर सायक्लोफॉस्फामाइड, किंवा त्याचे एक-दोन डोस रिटुक्सिमॅबच्या जोडीला.

खर्च दोन वर्षांचा धरा. आजार शांत झाल्यावरही औषध लागतंच, आणि तिथे रिटुक्सिमॅब अझाथायोप्रिन या जुन्या गोळीपेक्षा सरस ठरलं: 28 महिन्यांत आजार जोरात उलटला तो 5 विरुद्ध 29 टक्क्यांत. भारतात 2007पासून रिटुक्सिमॅबचं बायोसिमिलर (मूळ औषधासारखंच, दुसऱ्या कंपनीने बनवलेलं) मिळतं, त्यामुळे दर उतरलेत.

आणि स्टेरॉइड? 2020च्या पेक्सिव्हास चाचणीत डोस लवकर उतरवलेल्यांत गंभीर संसर्ग कमी झाले, किडनीचं नुकसान वाढलं नाही. काहीही निवडलंत तरी स्टेरॉइड कोणत्या आठवड्यात कितीवर आणणार आणि संसर्ग टाळायला दिलं जाणारं सेप्ट्रान कधीपर्यंत, हे कागदावर लिहून घ्या.