रंगांचा इशारा की मुदतीचा इशारा?

अमेरिकेने मार्च 2002 मध्ये दहशतवादाच्या धोक्यासाठी हिरवा, निळा, पिवळा, नारिंगी आणि लाल अशी पाच रंगांची पद्धत आणली. प्रत्यक्षात इशारा पिवळ्याच्या खाली कधी उतरलाच नाही, त्यामुळे विमानतळावर रोज तोच रंग ऐकणाऱ्या प्रवाशाला त्याचे काही वाटेनासे झाले. याउलट फेब्रुवारी 2003 मध्ये नारिंगी इशाऱ्यापाठोपाठ घरात प्लास्टिकचे कापड व रुंद चिकटपट्टी ठेवण्याचा सरकारी सल्ला आला, तेव्हा खिडक्या-दारांच्या फटी बुजवण्यासाठी लोकांनी दुकानांतली फडताळे रिकामी केली. धोका कुठे आणि कोणाला, हे न सांगता केवळ रंग दाखवला की माणूस एक तर दुर्लक्ष करतो किंवा घाबरून जातो, आणि त्यात दोष माणसाचा नव्हे.

एप्रिल 2011 पासूनच्या नव्या पद्धतीत रंग गेले. धोक्याचे स्वरूप, नागरिकांनी काय करावे आणि इशारा कधी संपेल, हे लेखी सांगण्याची तरतूद झाली. 2015 मध्ये त्यात सर्वसाधारण परिस्थिती सांगणाऱ्या पत्रकांची भर पडली. ही पत्रके पुन्हापुन्हा निघाली, हे खरे. तरीही मला मुदतीचा इशाराच अधिक प्रामाणिक वाटतो, कारण मुदत संपली की तो सुरू ठेवण्याचे कारण सरकारला नव्याने द्यावे लागते.