विम्पोल की कोल्सहिल: एकाच दिवसाची सवड असेल तर

इंग्लंडमधल्या जमीनदारांची जुनी शेतवाडी पाहायची म्हटली की बहुतेक जण केंब्रिजजवळचं विम्पोल सुचवतात. लहान मुलं बरोबर असतील तर खुशाल तिथेच जा. शायर जातीचे धिप्पाड घोडे, दुर्मीळ जातींची गुरं-मेंढरं, शाकारलेलं भव्य कोठार. दिवस कसा जातो कळत नाही. शिवाय या इस्टेटीची शेवटची मालकीण एल्सी बॅम्ब्रिज ही मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगची मुलगी. १९७६ मध्ये तिच्या पश्चात सगळं नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आलं.

पण व्हिक्टोरियन काळच समजून घ्यायचा असेल, तर विम्पोल पुरं पडत नाही. जॉन सोन या नामवंत वास्तुकाराने ही वाडी १७९४ च्या सुमारास आखली, व्हिक्टोरिया राणीच्या जन्माच्याही आधी. शेतीत रस घेणाऱ्या अर्लची, म्हणजे तिथल्या सरदाराची, ती हौस होती, आणि ती देखणी आहे.

ऑक्सफर्डशरमधल्या कोल्सहिल इस्टेटीचं होम फार्म, म्हणजे मालकाची स्वतःची शेतवाडी, १८५० च्या दशकातलं. परदेशी धान्यावर जकात लावणारे धान्य कायदे १८४६ मध्ये रद्द झाले आणि परदेशी गव्हाला वाट मोकळी झाली. कोल्सहिलचे मालक, रॅडनरचे तिसरे अर्ल, स्वतः त्या कायद्यांच्या विरोधात होते. आता कमी खर्चात जास्त पिकवणं भाग होतं, आणि ही वाडी त्याच हिशेबाने बांधलेली आहे. ती मुद्दाम उतारावर आहे. पीक वरच्या अंगाला येतं, तिथे मळणी होते. पेंढा आणि वैरण खाली गोठ्यांकडे उतरते, आणि शेण त्याच्याही खाली. ओझं चढावर वाहायची वेळ कमीत कमी यावी, हा सारा खटाटोप. आपल्याकडे खळं एकीकडे, गोठा दुसरीकडे, उकिरडा तिसरीकडे आणि मधल्या फेऱ्या माणसाच्या डोक्यावर. ते पाहिलेल्याला या उताराची किंमत चटकन कळते. मला तरी ही रचना विम्पोलच्या कोठाराहून सुंदर वाटते.

उणीव एवढीच, की तिथला वाडा १९५२ च्या आगीत गेला, त्यामुळे दालनं-दिवाणखाने पाहण्याची हौस असणाऱ्यांची निराशा होईल. ही जागाही नॅशनल ट्रस्टचीच, पण विम्पोलसारखी तयार सहल इथे गृहीत धरू नका. इमारती आतून कधी पाहता येतील ते आधी विचारून घ्या, आणि गेलात की वरच्या टोकापासून सुरुवात करून खाली उतरत या.