उतारा वाचताना: ओळी अधोरेखित कराव्या की समासात प्रश्न लिहावे?

सांगलीकडच्या पालकांचा नेहमीचा पेच. दोन्ही पद्धती एकाच उताऱ्यावर लावून पाहू: ‘हरिपूरच्या पेवांत हळद वर्षानुवर्षे टिकायची. 2005 च्या महापुरात बरीच पेवं निकामी झाली.’

अधोरेखनाला वेळ कमी लागतो आणि वर्ष, ठिकाण, वस्तू असं थेट दिलेलं लगेच सापडतं. फक्त मुलं सगळाच परिच्छेद रंगवतात. मग काहीच उठून दिसत नाही. वाक्याला दोनच शब्द, तेही पेन्सिलीने.

समासातला प्रश्न वेळखाऊ. पण ‘पूर आला तर पेवं का बिघडली?’ एवढं लिहिलं की मूल थांबतं: पेव जमिनीखाली असणार, गाव नदीकाठचं असणार. यातलं काहीच उताऱ्यात नाही. इथली चूक वेगळी, मूल मनचं रचतं. ‘शेतकऱ्यांनी हळद लावणं सोडलं’ हा अर्थ नव्हे, कल्पना. म्हणून प्रत्येक उत्तरापुढे ‘कोणत्या शब्दावरून?’ लिहायला लावा. (हे टाळलं तर ही पद्धत न वापरलेलीच बरी.)

घड्याळ लावून सोडवायच्या बहुपर्यायी पेपरला अधोरेखन पुरतं. ‘यावरून काय समजते?’ असल्या प्रश्नांवर गुण जात असतील, तर रोज एकच उतारा घ्या, पण समासात प्रश्न लिहून.